राजगृह राहून जाते

सहा डिसेंबरला परभणीहून आपली माणसे दादरला उतरतात ती थेट पश्चिमेला, चैत्यभूमीकडे. पूर्वेला हिंदू कॉलनीतले राजगृह राहूनच जाते, याची आम्हांला चुटपुट लागते. बाबासाहेबांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी हे घर बांधले ते ग्रंथांसाठी. वर पुस्तके, खाली संसार! परळच्या चाळीत दिवस काढलेल्या माता रमाईंना ते सुख थोडकेच लाभले. २७ मे १९३५ रोजी त्या इथेच गेल्या. ७ जुलै २०२० ला या घराच्या काचा, कुंड्या फोडल्या गेल्या. तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. मायबहिणींनो, यंदा लेकरांना त्या दाखवाच. स्टेशनापासून पायी जाता येते. मात्र तिथे कुटुंब राहते, आवाज बेताने.