फुलीपाशी सही

सबमिशनच्या आठवड्यात कादंबरी हातात घेऊ नये, हे कळायला मला तिसरं वर्ष उजाडावं लागलं. रूममेटने "घे, तुझ्या गावची आहे" म्हणून सुजाता मॅसी यांची 'अ मर्डर ऑन मलबार हिल' (2018) अंगावर फेकली आणि जर्नल राहिलं बाजूला!

गाव म्हणजे मुंबई. मी गिरगावचा. कोर्टकचेरीच्या इंग्रजी कादंबऱ्या हॉस्टेलवर भरपूर फिरतात, पण त्यातली शहरं आपण फक्त सिनेमात पाहिलेली. इथे काळ 1921 चा, नायिका परवीन मिस्त्री ही वडिलांच्या फर्ममधली वकील, आणि ऑफिस फोर्टात ब्रूस स्ट्रीटवर. म्हणजे आजची होमी मोदी स्ट्रीट! तिथून मी शंभर वेळा गेलो असेन. मग काय, वाचता वाचता डोक्यातल्या नकाशावरून एकेक इमारत पुसत गेलो. टाटांचं बॉम्बे हाऊस 1924 चं, पुसा. गेटवे तेव्हा अर्धवट. मरीन ड्राइव्हच्या जागी समुद्र. मजा आली, खोटं कशाला बोलू?

पण ओळखीच्या गल्ल्या भेटल्या की पुस्तक आवडतं, हे मला तितकंसं पटत नाही. उलट असं पुस्तक अडचणीत आणतं. "तिकडे असं होत असेल बुवा" म्हणून सुटताच येत नाही.

गोष्ट अशी. मलबार हिलवरचे एक गिरणीमालक वारतात. मागे तीन विधवा, तिघीही पडद्यात. कागद येतो की तिघींनी आपापला वाटा धर्मादाय देऊन टाकलाय. त्यात एकीची सही म्हणजे नुसती फुली! जिला वाचता येत नाही तिने काय समजून दिलं? पुरुष वकिलाला आत जाऊन विचारता येत नाही, परवीनला येतं. मात्र कोर्टात उभं राहून बाजू मांडायची तिला मुभा नाही. बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा 1923 चा. (परवीनमागची एक प्रेरणा कॉर्नेलिया सोराबजी. त्या जन्माने आपल्या नाशिकच्या, आणि ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली स्त्री.) खून कोणी केला ते सांगत नाही, रूममेट मारेल.

त्या फुलीपाशी मी अडकलो. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे आत्याला जेवायला बोलावलं होतं. आमरस झाला, मग बाबांनी कोकणातल्या जमिनीचं हक्कसोडपत्र पुढे केलं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या. आत्या बी. ए. आहे. तिने भराभर सह्या केल्या, दोन दिवसांनी रजिस्ट्रेशनही झालं. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच झालाय, हे त्या दुपारी कोणी बोललं नाही. मीही नाही, आणि ती जमीन पुढे माझ्याच नावावर यायची आहे.

कादंबरी संपली त्या रात्री आत्याला फोन लावला. "तू तो कागद वाचला होतास का गं?"

"अरे, दादाने आणलेला कागद कोण वाचतं!" ती हसली. मग थोडं थांबून म्हणाली, "का रे? काय लिहिलं होतं त्यात?"

दिवाळीत घरी गेलो की बाबांशी बोलणार आहे. सुरुवात कशी करायची ते अजून सुचलेलं नाही.