रोमच्या वाटेवर निघण्यापूर्वी



रोम पाहण्याची इच्छा आपल्या घरांतून पूर्वीही होती. पूर्वी ती जपमाळेबरोबर उशाशी राहत असे. आता मुलगा पुण्याला किंवा आखातात चार पैसे मिळवू लागला, की ती जेवताना बोलून दाखविली जाते. इंदूरच्या आसपासच्या काही घरांतून उन्हाळ्याच्या सुट्टीत आईवडिलांना तेथे नेण्याचा विचार चालू आहे, म्हणून हे चार शब्द.

पहिली गफलत बहुधा जाहिरातीच्या कागदापासूनच सुरू होते. ‘दहा दिवसांत सात देश!’ त्यात रोमच्या वाट्याला एक दिवस येतो. सकाळी संत पेत्राच्या महामंदिरासमोर छायाचित्र, दुपारी कोलोसियम, की पुन्हा बस. ज्या आजीने त्या महामंदिराचे चित्र जन्मभर भिंतीवर जपले, तिला त्याच्या दारात वीस मिनिटे उभे करून परत आणणे मला तरी निर्दयपणाचे वाटते. सहा-सात दिवस काढावेत आणि ते एकट्या रोमला द्यावेत.

ऋतूचे म्हणाल, तर मे महिना शेतकरी घरांना सोयीचा. गहू-हरभरा घरात आलेला असतो, सोयाबीनच्या पेरणीला अवकाश असतो, शाळाही बंद असतात. रोमची हवा तेव्हा सौम्य असते. जुलै-ऑगस्टात मात्र तेथील ऊन वृद्धांना सोसणारे नाही. इंदूरहून रोमला थेट विमान नाही, तेव्हा दिल्ली वा मुंबईसारख्या शहरातून जावे लागते.

मेपासून मागे मोजीत यावे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो द्यावाच लागतो. म्हणजे पासपोर्ट दिवाळीपर्यंत हाती असलेला बरा. परतीच्या तारखेनंतरही तो तीन महिने चालणारा हवा. आपल्याकडे खरी अडचण येते ती येथेच. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ‘योहान’, शाळेच्या दाखल्यावर ‘जॉन’, आधार कार्डावर आणखी तिसरेच काही, आणि आडनावाची इंग्रजी अक्षरे प्रत्येक भावाची निराळी! घरात कोणाच्या ध्यानीमनी नसलेला हा फरक कचेरीतील कारकुनाच्या नजरेतून सुटत नाही. वृद्धांच्या जन्मतारखेचीही तीच कथा. तेव्हा तिकिटांची चौकशी करण्यापूर्वी घरातील सर्वांचे कागद एका चटईवर पसरून ताडून पाहावेत आणि जे जुळत नाही ते आधी दुरुस्त करून घ्यावे.

व्हिसा इटलीचा काढावयाचा. व्हॅटिकन १९२९ पासून स्वतंत्र राष्ट्र असले, तरी तेथे शिरावयास निराळा परवाना लागत नाही. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो. अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. शिवाय निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. प्रथमच जाणाऱ्याला बोटांचे ठसे देण्यास स्वतः हजर राहावे लागते, म्हणून आजीचाही तो एक प्रवास हिशेबात धरावा. बारा वर्षांखालील मुलांना ठसे माफ आहेत. ‘व्हिसा हमखास मिळवून देतो’ असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्याच्या दारातून उलट पावली परत यावे. व्हिसा देणे न देणे त्याच्या हाती नसते.

आता पैशांविषयी स्पष्टच लिहितो. मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडून किंवा कर्ज काढून कोणीही रोमला जाऊ नये. ही यात्रा ख्रिस्तसभेने कोणावर बंधनकारक केलेली नाही. आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी रोमच आपल्या इंदूरला आले होते, हे आपण विसरलो काय? त्या दिवशी कार्डिनल अँजेलो अमातो यांनी येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित केले. गोरगरीब शेतमजुरांची बाजू घेणाऱ्या या भगिनीची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या बसच्या प्रवासात हत्या झाली. देवास जिल्ह्यातील उदयनगरच्या चर्चमध्ये त्यांची कबर आहे. तेथे जाऊन संध्याकाळी घरी परतता येते. रोमची तयारी करणाऱ्यांपैकी कितीजण तेथे गेले आहेत, कोण जाणे.

रोममधील दिवस आखताना घरातील सर्वांत थकलेल्या गुडघ्यांना विचारावे. संत पेत्राच्या घुमटावर ५५१ पायऱ्या आहेत. उद्वाहनाने गेले तरी वरच्या ३२० चढाव्याच लागतात. तरुणांनी जावे, वृद्धांनी खाली कबरींपाशी प्रार्थना करावी. महामंदिरात प्रवेश विनामूल्य आहे, परंतु तपासणीची रांग लांबते, म्हणून सकाळी लवकर गाठावे. खांदे व गुडघे झाकलेले असावेत. पोप महाशय रोममध्ये असले, की बहुधा बुधवारी सकाळी लोकांना भेटतात. त्याची तिकिटे मोफत असतात. त्यांसाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. रविवारी दुपारी बारा वाजता ते खिडकीतून चौकातील लोकांबरोबर प्रार्थना करतात.

पोप फ्रान्सिस यांची कबर मात्र व्हॅटिकनमध्ये नाही. २०२५ साली त्यांना संता मारिया माज्जोरे महामंदिरात पुरण्यात आले. टर्मिनी रेल्वे स्थानकापासून ते पायी जाण्याजोगे आहे. त्याच स्थानकावरून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस खिसेकापूंमुळे बदनाम आहे. पैसे व पासपोर्ट अंगरख्याच्या आत बांधावेत. पिण्याच्या पाण्यावर मात्र खर्च करू नये. रोमच्या रस्त्यांवर जागोजागी बिडाचे नळ अखंड वाहत असतात आणि त्यांचे पाणी उत्तम असते. घरची एक बाटली सोबत असली, की झाले.