मतदारसंघ पुनर्रचना : उत्तर की दक्षिण, हा आपला प्रश्न नाही

लोकसभेच्या जागा राज्यांमध्ये नव्याने वाटण्याचा विषय निघाला की तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात, "आपण कोणाच्या बाजूचे? उत्तरेच्या की दक्षिणेच्या?" आम्हाला हा प्रश्नच चुकीचा वाटतो.

आधी वस्तुस्थिती पाहू. राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर ठरल्या. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने त्या गोठवल्या. पुढे ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. परिणाम काय झाला? २०११ च्या लोकसंख्येनुसार बिहारमध्ये एका खासदारामागे सुमारे २६ लाख लोक आहेत, केरळमध्ये सुमारे १७ लाख. म्हणजे बिहारच्या भूमिहीन मुसहराच्या मताचे वजन कमी. 'एक मत, एक मूल्य' हे तत्त्व संविधान सभेत सांगणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना ही विषमता झटकून टाकता येणार नाही.

पण दुसरी बाजूही बाबासाहेबांचीच आहे. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला होता. तो फेटाळला गेला. केरळ-तामिळनाडूने पुढे मुली शिकवल्या, आरोग्यसेवा गावात नेली आणि जन्मदर खाली आणला. त्या कामाची शिक्षा म्हणून संसदेतला त्यांचा वाटा कापायचा का?

हा पेच बाबासाहेबांनी १९५५ मध्येच ओळखला होता. भाषिक राज्यांवरील पुस्तिकेत त्यांनी उत्तरेच्या अवाढव्य राज्यांचा धोका दाखवला आणि उत्तर प्रदेशचे तीन, बिहारचे दोन भाग सुचवले. दक्षिण बिहारची राजधानी त्यांनी रांची सांगितली होती; झारखंड व्हायला २००० साल उजाडले. राज्ये लहान केल्याने उत्तरेचे एकूण खासदार घटणार नाहीत, हे खरे. पण एकाच राज्याच्या सत्तेमागे ८० खासदारांची फौज उभी राहणार नाही. मताला समान मूल्य द्यायचे असेल, तर त्याबरोबर मोठ्या राज्यांचे विभाजनही मागा. ही आमची भूमिका आहे.

आता आपल्या वस्तीचा प्रश्न. कलम ३३० नुसार राज्यातील राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. महाराष्ट्रात ४८ पैकी ५ जागा अनुसूचित जातींना आहेत, त्या २००१ च्या १०.२ टक्क्यांवर. २०११ मध्ये हे प्रमाण ११.८ टक्के झाले. या हिशेबाने ४८ मागे सहावी जागा दाराशी आली आहे.

इथेच आपली चूक महागात पडू शकते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे संरक्षण मिळाले. पण जनगणनेत धर्म 'बौद्ध' लिहून जातीचा रकाना मोकळा सोडला, तर ते कुटुंब अनुसूचित जातीत मोजलेच जात नाही. जात सोडलेल्या माणसाला ती पुन्हा लिहिताना हात थरथरतो, हे आम्ही घरोघरी पाहिले आहे. त्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात अनुसूचीतील जात, या दोन्ही नोंदी आज हक्कासाठी लागतात.

म्हणून उत्तर-दक्षिणेच्या वादात टाळ्या वाजवणे थांबवा. प्रगणक येण्याआधी वस्तीत बैठक घ्या. पुनर्रचना आयोगाचा मसुदा आला की मुदतीत लेखी हरकती द्या, जनसुनावणीला हजर राहा. नकाशा एकदा पक्का झाला की पुढची कितीतरी वर्षे त्याच नकाशावर लढावे लागते.

जय भीम!