आयुष्याची दोरी किती लांब असावी?

मोठ्या दुखण्यातून कोणी उठले, की आपण म्हणतो, "आयुष्याची दोरी बळकट!" परवा मुलुंडच्या आमच्या महाविद्यालयात अकरावीतील एकाने विचारले, "सर, टेलोमिअर म्हणजे तीच दोरी ना? मग ती लांबवणारी गोळी का घेऊ नये?" मी शिकवतो पदार्थविज्ञान, पण लांबी वाढली की फायदाही वाढणारच, हे त्याने गृहीत धरले होते. तेच मला खटकले.

पेशीतील प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर असतात. बुटाच्या नाडीचे टोक उसवू नये म्हणून त्यावर टोपण असते, तसेच हे. पेशीचे विभाजन होताना ते थोडेथोडे झिजतात. फार आखूड झाले की पेशी विभागणे थांबवते. हे रक्षण कसे चालते, ते उलगडल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

झीज म्हणजे म्हातारपण, तेव्हा लांबी म्हणजे तारुण्य, असा सरळ हिशेब लोक करतात. पण विभाजन थांबणे हा पेशीचा ब्रेकही आहे. टेलोमिअर लांब असले तर पेशी अधिक काळ विभागत राहते आणि तिच्यात बिघाड साठायला अधिक वाव मिळतो.

हे तपासायचे कसे? वय, धूम्रपान, आजार यांनीही ही लांबी बदलते. मग कारण कोणते नि परिणाम कोणता? येथे मेंडेलचा नियम कामी येतो. आईवडिलांकडून कोणते जनुक यायचे, हे नाणेफेकीसारखे जन्माआधीच ठरते; नंतरच्या सवयी ते बदलू शकत नाहीत. २०१७ साली मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे १०,००० हून अधिक रुग्ण व २०,००० हून अधिक इतर माणसे यांच्यातील असे ९ जनुकीय फरक तपासले गेले. वारशाने टेलोमिअर १,००० अक्षरांनी लांब असण्याचा अंदाज असेल, तर धोका सुमारे दुप्पट आढळला. घाबरू नका, लहान संख्येची दुप्पटही लहानच असते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात लांब टेलोमिअरबरोबर अनेक कर्करोगांचा धोका वाढलेला, पण हृदयविकाराचा मात्र घटलेला दिसला. म्हणजे निसर्गाने येथे तडजोड केली आहे.

मूत्रपिंडाच्या त्या अभ्यासातील सारी माणसे युरोपीय वंशाची होती. त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावणे मला पटत नाही. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची नोंदणी होते. लोकसंख्येवर आधारलेली अशी ही देशातील पहिली नोंदणी. पण नोंदवहीतून रोगाचे प्रमाण कळते, जनुके कळत नाहीत. दोन्हींची सांगड घालणारे मोठे अभ्यास आपल्या लोकांवर व्हायला हवेत. घाटकोपर-मुलुंडच्या वर्गांत आज बसलेल्यांपैकी कोणी ते काम करावे, ही माझी इच्छा आहे.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले : "बाबा रे, वारसा निवडता येत नाही. पण तंबाखू, लठ्ठपणा आणि वाढलेला रक्तदाब हीही या रोगाची कारणे आहेत, आणि ती बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत. गोळी शोधण्याआधी तिकडे बघ."