उघडे माळ, गढूळ नद्या

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की, दोन-चार दिवसांत शहरातल्या घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. 'पाणी गढूळ आलंय, उकळून घ्या.' मग माठावर दुपदरी फडके चढते, तुरटीचा खडा शोधला जातो, आणि 'नागरिकांनी पाणी गाळून व उकळून प्यावे' असे पालिकेचे आवाहन वर्तमानपत्रात छापून येते. पंधरा दिवसांत नळाचे पाणी निवळते आणि आपण सारे विसरून जातो. पावसाळ्यात नदी गढूळ असायचीच, अशी आपली समजूत असते. पण हा रंग येतो कुठून, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

नदीचे प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने उभी राहतात. ते योग्यच आहे. त्या दोषातून शहरांची सुटका नाही आणि हा लेख वाचून कुणी ती करून घेऊ नये. परंतु नदीला आणखी एक दुखणे आहे, आणि ते शहराच्या कितीतरी वर, डोंगरउतारांवर आणि गावांच्या गायरानांत सुरू होते.

माझे आजोळ भीमेच्या खोऱ्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आजीबरोबर ओढ्यावर पाणी आणायला जायचो. वाळूत हातभर खणले की झिरा लागे. आजी पहिले पाणी उपसून टाकी, आणि मागून येणारे पाणी इतके नितळ असे की कळशीचा तळ दिसावा. ओढ्याच्या वरच्या अंगाला गावचे गायरान होते. तिथून चालत आले की धोतरांना आणि परकरांना कुसळे चिकटत आणि संध्याकाळी ओट्यावर बसून ती वेचत बसणे हा आम्हा मुलांचा उद्योग असे. अलीकडे गेलो तेव्हा त्या गायरानात एकही कुसळ चिकटले नाही. चिकटायला गवतच नव्हते. खडे, लेंड्या आणि मध्येमध्ये टणटणी. पाऊस पडला की ओढा दोन तास तांबड्या लोंढ्याने वाहतो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो.

गवत आणि पाणी यांचे नाते साधे आहे. पावसाचा थेंब गवताच्या पात्यावर पडला तर त्याचा जोर मोडतो आणि तो मुळांच्या वाटेने जमिनीत उतरतो. तोच थेंब उघड्या मातीवर आपटला की मातीचे कण उडवतो. सतत गुरे फिरून खुरांनी दाबलेली जमीन पाणी पिऊ शकत नाही, म्हणून ते पृष्ठभागावरूनच धावते आणि सुटी झालेली माती बरोबर घेऊन जाते. मातीच्या बारीक कणांना चिकटून फॉस्फरससारखी द्रव्ये जातात आणि तीच पुढे जलाशयात शेवाळे आणि जलपर्णी पोसतात. गुरे थेट ओढ्यात उतरून पाणी पितात, तिथेच शेण-मूत टाकतात आणि काठ तुडवतात. शेणातले जंतू खालच्या गावाच्या पाण्यात पोहोचतात. दरड ढासळून ओढ्याचे पात्र पसरट व उथळ होते. आपल्या माठातल्या तुरटीची गरज अशी दहा-वीस कोसांवर तयार होते.

मग दोष गुरांचा का? मला तसे वाटत नाही. आपली माळराने चरणाऱ्या जनावरांबरोबरच वाढली आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन बाहेर पडणारा आणि पावसाबरोबर परतणारा धनगर गवताला उसंत देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळत आला. त्याच्या मेंढ्या शेतात बसवून घ्यायला शेतकरी धान्य मोजत असे. बिघडली ती ही उसंत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ मध्ये गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखण्याची तरतूद आहे. परंतु राखलेल्या गायरानावर कुठे अतिक्रमण झाले, कुठे सरकारी इमारती उठल्या, तर कुठे कचऱ्याचे ढीग पडले. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्व राज्यांना बजावले. तरी जमीन आकसतच राहिली आणि उरलेल्या तुकड्यावर बाराही महिने तोंडे चरत राहिली. जे सर्वांचे, ते कुणाचेच नाही, अशी गायरानाची गत झाली.

यातून वाट निघते, हे आपल्याच राज्यातल्या एका गावाने दाखवले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली. डोंगरावर समपातळी चर खणले आणि गुरांना मोकळे सोडणे थांबवले. गवत मात्र कापून नेण्याची मुभा ठेवली. जनावरे गोठ्यात आली, चारा वाढला, दूध वाढले आणि विहिरींना पाणी आले.

दुसरे उदाहरण चंडीगडजवळचे. १९५८ साली बांधलेल्या सुखना तलावाचा मोठा भाग दोन दशकांतच गाळाने भरून गेला. हा गाळ शोधत पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ सुखोमाजरी नावाच्या लहानशा खेड्यापर्यंत पोहोचले. तिथले डोंगर शेळ्या-गुरांनी उघडे पडले होते. सक्तीने चराई थांबेना, तेव्हा गावासाठी मातीचे छोटे बंधारे बांधले गेले आणि पाण्याचा वाटा प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा, मिळेल असे ठरले. डोंगर चरला तर आपलाच बंधारा गाळाने भरेल, हे उमगल्यावर लोकांनी आपणहून गुरे आवरली. तारेचे कुंपण लागले नाही. शेळ्या कमी होऊन म्हशी वाढल्या आणि तलावाकडे जाणारा गाळ घटला.

या कथेतले खरे मर्म त्या भूमिहीनाच्या वाट्यात आहे. आजोळी मी मोठ्या उत्साहाने चराईबंदीची गोष्ट काढली, तेव्हा शेजारच्या एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "बंदी करा की. पण माझी शेळी काय तुमच्या वहीतला कागद खाईल?" मला उत्तर देता आले नाही. ज्याच्या बांधावर कडवळ आहे, त्याला बंदी परवडते. जिची सारी ठेव दोन शेळ्यांत आहे, तिला ती उपासमार वाटते. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा आसूड'मध्ये (१८८३) डोंगरावरून वाहून जाणारे सत्त्व अडवण्यासाठी ताली-बंधारे सुचवले, आणि त्याच ग्रंथात जंगलखात्याने गरिबांची चराई बंद केल्याबद्दल सरकारला धारेवरही धरले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

म्हणून सरसकट बंदीपेक्षा पाळीपाळीची चराई मला अधिक शहाणपणाची वाटते. गायरानाचे तीन भाग करावेत. एक भाग पावसाळाभर पूर्ण मिटवून गवताला बी धरू द्यावे आणि दरवर्षी भाग बदलावा. मिटवलेल्या भागातले गवत कापण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना व विधवांना असावा. मारवेल, पवना अशी आपल्याच मातीतली गवते पुन्हा पेरावीत. गुरांसाठी ओढ्यापासून दूर हौद बांधावा आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना गवताचा पट्टा राखावा. यातले काहीही अवघड तंत्रज्ञान नाही. अवघड आहे ते ग्रामसभेत बसून ठरवणे आणि ठरलेले पाळणे.

आणि खर्च? तो एकट्या गावाने का सोसावा? न्यूयॉर्क शहराने १९९० च्या दशकात गाळणी प्रकल्पाचा अवाढव्य खर्च टाळण्यासाठी कॅट्स्किल डोंगरातल्या दूधउत्पादक शेतकऱ्यांना ओढ्याकाठी कुंपणे आणि गुरांच्या पाण्याची सोय करून देण्यासाठी पैसे मोजले. आपल्याकडे २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली. धरणातला गाळ काढून शेतात पसरणे चांगलेच आहे. पण वरून गाळ येतच राहिला तर हे उपसणे संपणार कधी? घरात नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसणाऱ्याला आपण काय म्हणतो? गाळ उपसण्यावर आणि पाणी शुद्ध करण्यावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग शहरांनी वरच्या गायरानांसाठी बाजूला काढला, तर तो उपकार ठरणार नाही. ती पाणीपट्टीच असेल, फक्त योग्य जागी भरलेली.

पुढच्या मृगात माठावर फडके बांधताना त्यात साठलेल्या मातीकडे एकदा निरखून पाहावे. ती कुणाच्या तरी गायरानाची माती आहे. ती तिथेच राहिली असती तर तिच्यावर गवत उगवले असते, मावशींची शेळी जगली असती आणि ओढ्याच्या वाळूत हातभर खणल्यावर पुन्हा नितळ झिरा लागला असता.