दम्याचा पंप लपवायचा कशासाठी?



स्त्रियांच्या आरोग्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा गर्भाशयाभोवती फिरते. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा महाराष्ट्राचा १९८८चा कायदा असो की गर्भनिरोधक इंजेक्शनांना झालेला विरोध, चळवळीने हे लढे नेटाने लढवले. त्याच रांगेत आता बाईच्या फुप्फुसांचा प्रश्नही घ्यायला हवा.

वस्तीवर बैठक घेताना एक वाक्य हमखास कानावर येते : ‘जरा चाललं की दम लागतो, आता वय झालं.’ बोलणारी असते चाळिशीची. तिने जन्मात विडी ओढलेली नसते, म्हणून खोकल्याची बाटली देऊन तिला परत पाठवले जाते. फुप्फुसांचा जुनाट आजार, म्हणजे सीओपीडी, विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचाच, हा समज अजून गेलेला नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की, जगाचा विचार केला तर लाकूड, गोवऱ्या, काडीकचऱ्याचा धूर हे या आजाराचे कदाचित सर्वांत मोठे कारण असेल. या धुरासमोर रोज कोण बसते, हे वेगळे सांगायला नको. २०१६ साली उज्ज्वला योजना आली. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातली फक्त ४३ टक्के घरे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते.

२०१६च्या अंदाजानुसार देशात सुमारे साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी आणि पावणेचार कोटींना दमा होता. यावर औषध नाही असे नाही. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले की हवेची वाट अरुंद होते. साल्ब्युटामॉल हे स्नायू सैल करते. १९६९पासून ते वापरात आहे. पंपातून ओढले तर काही मिनिटांत आराम पडतो. पंपाच्या एका झोतात औषध असते १०० मायक्रोग्रॅम, तर चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या चाळीसपट. गोळी रक्तातून अंगभर जाते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. तरी लोक म्हणतात, गोळी साधी आणि पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची सवय लागते. खरे तर नेमके उलटे आहे.

या गैरसमजाची किंमत बाई मोजते. मुलीचे लग्न ठरेपर्यंत पंप कपाटात लपतो. सासरी तो मोरीत दार लावून ओढावा लागतो. दिवस गेले की ‘बाळाला बाधेल’ म्हणून बंद केला जातो. पण आईचा दमा उसळला तर बाळालाही प्राणवायू कमी पडतो. गरोदरपणात औषध मनाने बंद करायचे नसते, डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूच ठेवायचे असते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घेऊ. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते, ती साल्ब्युटामॉलने उतरत नाही. त्यासाठी सूज कमी करणारे, ओढायचे औषध वेगळे असते. मोठ्या माणसांच्या दम्यावर नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवू नये, असे ‘जिना’ या जागतिक संस्थेने २०१९ साली स्पष्ट सांगितले. पंप वरचेवर लागत असेल तर आजार ताब्यात नाही, असे समजावे. सीओपीडीत बिघडलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही, पण टायोट्रोपियमसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाने धाप कमी होते, कामे करता येतात.

ही औषधे चैनीची नाहीत. साल्ब्युटामॉल, इप्रॅट्रोपियम, टायोट्रोपियम, ब्युडेसोनाइड ही सारी २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आशाताईच्या तपासणी-फॉर्मवर ‘स्वयंपाकाला इंधन कोणते?’ हा प्रश्नही आहे. म्हणजे धूर बाईच्या छातीत जातो हे सरकारने कागदावर मान्य केले आहे. मग फॉर्मवर ‘लाकूड’ अशी खूण झाल्यावर पुढे काय? औषध विकतच घ्यायचे असेल, तर महिनाअखेरीस घरात सर्वांत आधी बाईचेच औषध थांबते.

म्हणून प्रत्येक गटाने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन प्रश्न विचारावेत. ओढायचे औषध साठ्यात आहे का? फुंकर मारून करायची स्पायरोमेट्रीची तपासणी जवळात जवळ कुठे होते? पंप कसा ओढायचा हे बाईला कोण शिकवते? नीट ओढला नाही तर औषध घशातच राहते. पंपाला नळी, म्हणजे स्पेसर, लावली तर काम सोपे होते. ती महाग नसते. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा घरगुती स्पेसरही दम्याच्या मुलांना उपयोगी पडतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवले आहे.

उत्तरे लेखी मागा, आणि आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ती छापू. आणि गटाच्या येत्या बैठकीत जिच्याकडे पंप असेल तिने तो सर्वांसमोर पिशवीतून बाहेर काढावा.