कापलेला शेवट

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार भरला होता. भिक्षुकीसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या संदेशांनी आधीच धास्तावलेल्या जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. पाचही निरपराध होते.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीची होती. मुलांच्या सुरक्षेबाबत जागृतीसाठी ती केलेली. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात आणि अखेरीस ते परत आणून देऊन फलक दाखवतात. हा शेवटच कुणीतरी कापला. उरली नुसती भीती.

लेकरासाठी आईबाप घाबरणारच; त्यात दोष नाही. पण २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली, तरी हेल्मेटविना मुलाला शाळेत सोडताना आपला जीव खालीवर होत नाही. सवयीचा धोका लहान वाटतो. अनोळखी आणि हाताबाहेरचा धोका डोंगराएवढा, हे मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्येच मांडले होते. त्यात तोच संदेश मामा, गुरुजी आणि शेजारी अशा तिघांकडून आला की अफवेला घरच्यांची साक्ष मिळते. मग संशय चेहरा शोधतो, आणि तो सापडतो गावात ज्याचे कुणी नाही त्याचा.

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्येच भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पाऊल योग्य होते, पुरेसे नव्हते. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. अफवा उठली की त्याच दिवशी, त्याच गटात, अहिराणीत किंवा भिलीत, पोलीस पाटील, गुरुजी आणि आशाताईंनी खरे काय ते सांगावे. तशी जबाबदारी प्रशासनाने त्यांच्यावर आधीच नेमून द्यावी. आणि आपण? संशय आला तर संदेश पुढे ढकलू नये, ११२ वर फोन करावा. गावाबाहेर पाल पडले, तर तिथल्या मुलांची नावे विचारावीत. ज्याच्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्याला टोळी म्हणायला जीभ रेटत नाही.